सतरा नंबरचं कलम

पहिला थेंब परातीत पडला. ज्वारीच्या पिठात आधण ओतायला गोकर्णेनं नुकता खळगा केला होता, अगदी नेम धरून त्यातच. तिनं आधी पिठाकडं पाहिलं, मग छताकडं, आणि शेवटी माझ्याकडं. मी दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होतो. ती बांधून कधी संपूच नये असं मला वाटायला लागलं.

"अहो, हे बघा की. वरून पाणी गळायलंय."

"टाकी भरून वाहिली असंल. खाजाभाईचा टँकर आलाय खाली."

"टाकी वाहिली तर पाणी गच्चीवर जाईल, तिथून पाइपानं खाली जाईल. माझ्या पिठात कशाला येईल?"

एवढ्यात दुसरा थेंब पडला, तव्यावर. तो चुर्र करून उडाला आणि उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण जिन्यात एकच गलका उठला होता.

तो गलका आमच्या छताबद्दल नव्हता. ते साल लातुरात कुणी विसरणार नाही. त्या एप्रिलात आमच्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं. नळ महिना महिना कोरडे होते, विहिरींवर पहारे बसले होते आणि घरी पाहुणा आला की लोक चहाचं विचारायचे, पण पाण्याचं विचारताना अडखळायचे. अशा मे महिन्यात टँकरवाल्या खाजाभाईनं पाइप टाकीत सोडला आणि खाली कुणाशी तरी बोलत उभा राहिला. टाकी भरून वाहिली. तीन मजल्यांच्या बाया त्याला धारेवर धरत होत्या. "अहो, वाहून गेलेल्या पाण्यात माझे दोन दिवस निघाले असते!" असं शेजारची कौसाबाई ओरडून सांगत होती. छत गळतंय याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. पाणी सांडलं याचं मात्र सुतक पडलं होतं.

इमारतीचं नाव 'गंगाई'. तीन मजले, मजल्यावर चार, अशी बारा बिऱ्हाडं, सगळी भाड्याची. आमच्या लातुरात अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी गावोगावच्या आया लेकरं घेऊन राहायला येतात आणि बाप गावाकडं शेती सांभाळतात. 'गंगाई' अशाच बिऱ्हाडांनी भरलेली. त्यामुळे मला सोडलं तर इमारतीत बाप्या माणूस दिसायचा तो फक्त रविवारी, धान्याचं पोतं घेऊन आलेला. बांधणारे आणि मालक नागोराव आण्णा. मी त्यांच्या ऑफिसात कारकून. लग्नाला वर्ष झालं होतं, म्हणून आण्णांनी मला वरच्या मजल्यावरची जागा दिली. कागदोपत्री मात्र मीही इतरांसारखाच भाडेकरू, अकरा महिन्यांच्या करारावर सही केलेला.

आता त्या कराराबद्दल सांगायला हवं. सांगताना आजही माझे कान तापतात.

त्या वर्षी घरं विकणाऱ्या बिल्डरांसाठी नवा कायदा झाला होता. विकलेल्या घरात पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा, असं त्यात होतं. आण्णा मूळचे गवंडी. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी मला तो कायदा दोनदा वाचून दाखवायला लावला आणि मग बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"म्हणजे विकलं की हमी आली," ते म्हणाले.

"आली. पण आण्णा, भाड्यानं दिलं तर? भाडेकरू काही विकत घेत नाही. त्याला ही हमी लागूच होत नाही." मी लई हुशार असल्यासारखा बोललो होतो.

"मग तसं लिही. साफ लिही."

मी साफ लिहिलं. करारातलं कलम नंबर सतरा. 'सदर इमारत नवीन असली तरी ती विक्रीसाठी नसून केवळ भाड्याने देण्यासाठी असल्याकारणाने तिच्या बांधकामाबाबत, छताबाबत अथवा गळतीबाबत कोणतीही हमी मालक देत नाही व तशी हमी भाडेकरू मागणार नाही.' लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचलं. वकिलानं एक शब्द बदलला नाही. मी त्या दिवशी येताना स्वतःच्या पैशानं पेढे आणले होते. पेढे कशाचे, असं गोकर्णेनं विचारलं तेव्हा म्हणालो, "ऑफिसात एक काम चांगलं झालं."

छत गळलं त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा तो करार तिच्या मांडीवर उघडा होता. ती डी.एड. झालेली, कागद वाचायची तिला सवय. सातवा महिना लागलेला, पाठीला उशी लावून ती भिंतीला टेकून बसली होती.

"सतरा नंबर वाचलंत का तुम्ही?"

"वाचलं असंल."

"नवीन असली तरी हमी नाही म्हणे. नवीन असली तरी! ही अक्कल कुणाची?"

"वकिलाची असंल," मी म्हणालो.

खोटं बोलायचं तर निदान जरा थांबून तरी बोलायचं. मी लगेच बोललो. पण तिच्या ध्यानात आलं नाही, कारण ती भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत होती. त्या खिळ्याला कॅलेंडर लटकत होतं. गोकर्णेचे वडील तलाठी, दर दोन-तीन वर्षांनी बदली. लहानपणापासून ती नऊ घरांत राहिली आणि नऊही घरांच्या भिंतींत आधीच्या लोकांचे खिळे होते. "आपण आपलं सामान दुसऱ्याच्या खिळ्याला टांगायचं," असं ती म्हणायची. 'गंगाई'त आलो त्या दिवशी कोऱ्या भिंतीत पहिला खिळा तिनं स्वतःच्या हातानं ठोकला होता. मी ठोकतो म्हणालो तर हातोडी देईना.

"हे बघा," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बाबा न्यायला येतील. बाळंतपण औशाला. श्रावणात मोकळी होईन. तोवर पाऊस लागलेला असंल. हे छत गळत असलं तर मी लेकरू घेऊन हितं येणार नाही. तान्ह्या लेकराच्या अंगावर थेंब पडलेला मला चालायचा नाही. तुम्ही भेटायला या औशाला, रविवारचं. बाकीचे बाप येतात तसं. पोतं घेऊन."

हसत हसतच म्हणाली. पण गोकर्णा हसत बोलते ते पक्कं असतं, हे मला वर्षभरात कळलं होतं. तिला हे घर सोडायचं नव्हतं, आणि मला तिला सोडायचं नव्हतं. मधे फक्त माझंच सतरा नंबरचं कलम होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो.

"शरणार्थ आण्णा," मी हात जोडले. "घरात जरा पाणी ठिबकायलंय वरून."

आण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "सतरा नंबर वाच."

"मीच लिहिलंय आण्णा."

"मग पाठ असंल की."

मी उभाच राहिलो. आण्णांनाही बहुधा बरं वाटलं नाही. ते जरा वेळानं म्हणाले, "कुठनं गळतंय ते सांग. मी करून देतो. पण गळती दिसते एकीकडं अन् असते दुसरीकडं. आख्खी गच्ची उखडत बसू का?"

"गच्चीत पाणी साठवून बघितलं तर कळंल. बांधून झाल्यावर बघतात तसं."

हे ऐकताच आण्णांचा चेहरा एकदम बदलला. ते उठले, खिडकीशी गेले आणि पाठ फिरवूनच बोलले. "गच्चीवर पाणी साठवायचं? लातुरात? ह्या साली? लोक घागरीसाठी डोकी फोडायलेत अन् मी गच्चीला पाणी पाजू? पुन्हा हे नाव काढू नकोस."

"पण मार्चात, गच्ची झाली तेव्हा तरी..."

"मन्मथा," आण्णा म्हणाले, "कामाला लाग."

एवढं चिडण्यासारखं मी काय बोललो, ते मला कळलं नाही. गच्ची तपासलेली नाही, एवढं मात्र कळलं. मार्चात मी रजा घेऊन आठ दिवस आईकडं, लातुरातल्याच जुन्या गावात होतो. तिथं पाण्याची फारच वणवण होती. मग आमच्या गल्लीत पारापाशी लागोपाठ तीन दिवस एक टँकर आला आणि सगळे सुटले. नगरसेवकानं पाठवला म्हणून आईनं त्या नगरसेवकाला भर रस्त्यात ओवाळलं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात साइटवर काय झालं आणि काय नाही, हे मला माहीतच नव्हतं.

घरी येऊन गोकर्णेला सांगितलं, की पाण्याशिवाय गळती सापडत नाही आणि पाणी आण्णा देत नाहीत. तिनं ते कौसाबाईला सांगितलं. ही कौसाबाई अहमदपूरकडची, मुलीच्या बारावीसाठी आलेली. चार एकर शेती नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून केलेली बाई. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढंच व्हय? गच्चीत सगळीकडं एकदम पाणी कशाला पायजे? रानात आपण सगळ्या रानाला एकदम पाणी देतो का? वाफे करायचे."

मला आधी समजलंच नाही. पण बाकीच्या बायांना लगेच समजलं, सगळ्याच शेतातून आलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मोकळ्या जागेतली काळी माती पाट्यांतून वर गेली. गच्चीवर वीतभर उंचीचे मातीचे बांध घातले गेले आणि सहा वाफे तयार झाले, उताराच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत. पाणी कुठलं? धुण्याचं, अंघोळीचं, भाजी धुतल्याचं. जे एरवी संडासात ओतायला राखून ठेवलेलं असायचं, त्यातल्या दोन-दोन बादल्या प्रत्येक घरातून वर जाऊ लागल्या. पहिला वाफा दीड दिवसात भरला. साबणाचा फेस, मेथीची दोन पानं आणि वर आकाश.

"आता एक दिवस हे हितं थांबणार," कौसाबाई मला समजावत होती. "खाली कुणाच्या छताला ओल आली का बघायचं. नाही आली तर हितला बांध फोडायचा अन् पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं. तेच पाणी. उन्हानं जेवढं उडंल तेवढी भर घालायची. दारं धरली न्हाईत का कधी तुम्ही?"

"नाही. मी कारकून."

"अरे देवा," ती म्हणाली. तिच्या आवाजातली कीव मला आजही ऐकू येते.

मग दहा-बारा दिवस 'गंगाई'त जत्राच होती. सकाळी बाया बादल्या घेऊन वर जायच्या, कुणी दारं धरायची, कुणी छताखाली खुर्चीवर उभी राहून हात लावून बघायची. लेकीबाळी क्लासला जाताना विचारायच्या, "आज कितवा वाफा?" गोकर्णेला जिना चढू नको असं सगळ्यांनी बजावलं होतं. ती घरात छताखाली सतरंजी टाकून पडायची आणि वर बघत राहायची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीच होती. औशाला जायचं तिनं आठवडाभर पुढं ढकललं. वडिलांना फोनवर म्हणाली, "बाबा, चौथा वाफा चालू आहे." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे.

तिसऱ्या वाफ्याला आमचं छत ओलं झालं. टाकीच्या पायाशी, जिथं पाइप स्लॅबमधून जातो, तिथं. कौसाबाईनं वर जाऊन त्या जागेभोवती कुंकवानं रिंगण ओढलं. चौथा आणि पाचवा कोरडा गेला. सहाव्याला कठड्याच्या कोपऱ्यात गळती निघाली, कौसाबाईच्याच घरावर. "बघा, माझंच निघालं!" ती असं म्हणाली जणू लॉटरी लागली.

त्याच सकाळी आण्णा आले. गच्चीवर पाणी साठवलंय ही बातमी कुणीतरी त्यांच्या कानावर घातली होती. पासष्टीचा माणूस, पण तीन जिने एका दमात चढून आला. मागून मी. आणि कुणाचं न ऐकता, एक हात कमरेला देऊन, एकेक पायरी चढत गोकर्णा.

आण्णांनी गच्ची पाहिली. बांध, फोडलेली दारं, शेवटच्या वाफ्यातलं राखाडी पाणी. "हे काय चाललंय?" ते गरजले. "पाण्याची नासाडी करायलाव? ह्या साली?"

"थेंबभर नासला न्हाई," कौसाबाई म्हणाली. "सगळं खरकटं पाणी हाय. हिथं गळतंय अन् तिथं गळतंय. बाकी गच्ची तुमची चांगलीय."

"दोनच जागा आहेत आण्णा," गोकर्णा म्हणाली. "दुरुस्त करून द्या. श्रावणाच्या आत."

आण्णा दम खात उभे राहिले. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "करारात..."

"वाचलाय मी करार. सतरा नंबर. नवीन असली तरी हमी नाही!" गोकर्णा आता तापली होती. "ज्यानं कुणी हे लिहिलंय ना आण्णा, त्याला पावसाळाभर या टाकीखाली उघड्यावर बसवायला पाहिजे. पीठ मळत!"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी टाकीकडं पाहिलं.

"सूनबाई," आण्णा म्हणाले, "ते तुमच्या मालकानं लिहिलंय. माझी अक्कल एवढी चालत न्हाई."

गच्चीवर दहा-बारा बाया होत्या. एकीच्या हातातली बादली तशीच अधांतरी राहिली. गोकर्णेनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पेढे," ती एवढंच म्हणाली. "ते पेढे त्याचेच होते का?"

मी मान हलवली. कौसाबाईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडात धरला. आणि मला वाटतं, गच्चीवरून खाली जायला जिन्याखेरीज दुसरी वाट असती तर मी तीच धरली असती.

अशा वेळी खाजाभाई वर आला. टँकर घेऊन. खांद्यावर पाइप, आणि गेल्या खेपेच्या शिव्या लक्षात ठेवून यावेळी स्वतः टाकीजवळ उभं राहायच्या तयारीनं. वाफे बघून तो जागीच थबकला आणि मोठ्यानं हसला.

"वा आण्णा! शेवटी गच्चीला पाणी पाजलंच म्हणायचं!"

"खाजा, पाइप टाकीत सोड."

"सोडतो की. पण ताईंनो, तुम्हाला म्हणून सांगतो. मार्चात ह्याच गच्चीसाठी आण्णांनी माझे तीन टँकर सांगितले होते. हिला भरून बघायला. पहिला टँकर घेऊन मी हितल्या फाटकापर्यंत आलो. आण्णा फाटकातच उभे. रस्त्यानं बाया घागरी घेऊन चाललेल्या. आण्णा बघत राहिले, बघत राहिले, अन् मला म्हणले, गच्ची काय तहानेनं मरत न्हाई. वळव. तिन्ही दिवस वळवायला लावला."

"खाजा!" आण्णा ओरडले. "नाव घ्यायचं न्हाई म्हणून सांगितलं होतं तुला."

"कुठं वळवला?" मी विचारलं.

"जुन्या गावात की. पिंपळाच्या पारापाशी."

तो आमचा पार. ती आमची गल्ली. आईनं दोन घागरी आणि एक पिंप भरलं होतं त्या टँकरवर. मी स्वतः पिंपाला हात लावला होता. त्या पाण्यानं पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी मनसोक्त अंघोळ केली होती.

"तो तर नगरसेवकानं पाठवला होता," मी म्हणालो.

"नगरसेवक?" खाजाभाई म्हणाला. "ते फोटो काढायला आले होते. एका म्हातारीनं तर त्यांना ओवाळलं पण!"

आण्णा खाली बांधावर बसले. धोतराला चिखल लागला तरी त्यांना भान नव्हतं. चूक पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग आण्णा, हे आधी सांगितलं का नाही?" गोकर्णेचा आवाज एकदम खाली आला.

"काय सांगू लेकी? मी पाणी वाटलं, आता तुमचं छत गळू द्या, असं म्हणू? पुण्य माझ्या पदरात अन् गळती तुमच्या डोक्यावर. ते काय पुण्य झालं व्हय?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चाळीस वर्षं घरं बांधली. न तपासता एक गच्ची कुणाच्या डोक्यावर दिली न्हाई. ही पहिली. ही विकली असती तर पाच वर्षांच्या हमीवर सही करावी लागली असती, अन् मला तर माहीत होतं की मी गच्ची बघितलेली न्हाई. खोटी सही कशी करू? म्हणून विकलीच न्हाई. ह्यानं सांगितलं, भाड्याला हमी लागत न्हाई. म्हटलं, मग तसं लिही. निदान कागद तरी खरा राहील."

मी ते कलम चलाखी म्हणून लिहिलं होतं. आण्णांनी ते कबुली म्हणून लिहून घेतलं होतं. मला तिथंच, सगळ्यांच्या देखत, फार लाज वाटली, आणि त्याच वेळी आण्णांचे पाय धरावेसे वाटले. मी धरले. ते म्हणाले, "ऊठ, नाटकं करू नको. माझ्या घरी जा अन् थापी घेऊन ये. ऑफिसातली न्हाई, देवघराच्या फळीवर हाय ती."

आण्णांनी स्वतः दुरुस्ती केली. दोन दिवस, सकाळी उन्हाच्या आत. धोतराचा काचा मारून ते टाकीच्या पायाशी उकिडवे बसले, कुंकवाच्या रिंगणातलं सगळं फोडून काढलं आणि पुन्हा भरलं. माल कालवायचं काम माझ्याकडं होतं. पाणी कौसाबाई मोजून द्यायची. तिसऱ्या दिवशी त्या दोन वाफ्यांत पुन्हा पाणी सोडलं. खाली गोकर्णा खुर्चीवर चढून छताला हात लावून बघत होती, आणि मी खुर्ची धरून उभा होतो. माझ्याशी तिनं अजून बोलणं धरलं नव्हतं. भाकरी ताटात पडायची ती आवाज करून.

"कोरडं आहे," ती छताला म्हणाली.

मग खाली माझ्याकडं बघून म्हणाली, "कोरडं आहे हो." तो 'हो' ऐकला आणि मला हायसं वाटलं.

औशाला जायच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन आईकडं गेली आणि टँकरची सगळी हकिकत तिनंच आईला सांगितली. आई उठली, निरांजन लावलं, ताम्हण घेतलं आणि म्हणाली, "चल, कुठं राहतात ते?" आण्णांनी ओवाळून घ्यायला चक्क नकार दिला. आई दारातच ठाण मांडून बसली. शेवटी वैतागून बाहेर आले आणि ओवाळून घेतलं. आई त्यांना म्हणाली, "त्या फोटोवाल्याला ओवाळलं ते परत घेतलं मी."

श्रावणात मुलगी झाली. त्या वर्षी परतीचा पाऊस असा कोसळला की तळी फुटतात की काय अशी भीती वाटावी. भर पावसात गोकर्णा लेकीला घेऊन 'गंगाई'त परतली. आल्या आल्या तिनं रिकामी परात स्वयंपाकघरात त्या जागेखाली ठेवली. दिवसभर ठेवली. संध्याकाळी परातीत बोट फिरवून पाहिलं, आणि मग त्यातच पीठ घेतलं.

अकरा महिन्यांनी सगळे करार नवे करायचे होते. मी ऑफिसात टाइप करायला बसलो. सोळा झालं आणि हात थांबला.

"आण्णा, सतरा काढू ना?"

"काढ."

"मग अठराचं सतरा करू?"

"नको. नंबर राहू दे, पुढं कोरं सोड. आता गच्ची बघितलेली हाय. काय लिहायचं ते राहणाऱ्यांना लिहू दे." आण्णा तंबाखू मळत म्हणाले. "तुझं अक्षर आता नको."

सह्यांसाठी ते बारा करार मी घरी आणले. गोकर्णेनं मुलीला माझ्या मांडीवर दिलं, कौसाबाईला हाक मारली आणि दोघींनी दाराआड काहीतरी खलबत केलं. मग बाराही करारांत सतराव्या जागी गोकर्णेनं स्वतःच्या ठसठशीत शाळामास्तरणीच्या अक्षरात पेनानं लिहिलं: 'दर वर्षी मे महिन्यात गच्चीवर वाफे करण्यात येतील व दारं धरायला मालक स्वतः येतील.'

मला वाटलं आण्णा चिडतील. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, त्या जुन्या कायद्यासारखं. आणि बाराही ठिकाणी सही ठोकली.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कौसाबाईची मुलगी डॉक्टर झाली. त्यांच्या जागेत आता चौथं बिऱ्हाड आहे. वाफे अजून होतात, तेच करार अजून चालतात, फक्त तारखा बदलतात. नवीन भाडेकरू सही करताना सतराव्या कलमावर हमखास थांबतात आणि मला विचारतात, "हे काय आहे?" मी म्हणतो, मेमध्ये कळेल.

आण्णा आता पंचाहत्तरीला आलेत. गुडघे गेलेत. गेल्या मे महिन्यात मी त्यांना म्हणालो, "आण्णा, या वर्षी राहू द्या. आम्ही बघतो." त्यांनी काठी उचलली, माझ्या अंगावर नव्हे, पण उचलली. मग मी आणि खाजाभाईच्या मुलानं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने वर नेलं. माझ्या लेकीनं त्यांच्या हातात खुरपं दिलं. वाकून त्यांनी पहिला बांध फोडला, पाणी दुसऱ्या वाफ्यात निघालं, आणि ते धापा टाकत माझ्याकडं बघून म्हणाले, "करारात लिहिलंय ना."